चिमूटभर काळ

रंगवून पूर्ण झालेली लघु-प्रतिकृती काही काळ फार परकी दिसते. सांधे जुळलेले असतात, रंगाचा थर सपाट बसलेला असतो, क्रमांक आणि अक्षरे आपापल्या जागी असतात, मापात काही उणे काढता येत नाही; आणि तरीही टेबलावरच्या दिव्याखाली उभे असलेले ते इंजिन, तो रणगाडा किंवा ती मालमोटार मनाला पटत नाही. डोळा काहीतरी शोधत राहतो आणि आपल्याला नेमके काय हवे आहे हे त्याला सांगता येत नाही. त्या वस्तूच्या बाबतीत अजून काहीच घडलेले नसते, एवढेच तिचे न्यून. तिच्या पायरीवर कुणाचा पाय पडलेला नाही, तिच्या छपरावरून पावसाची एक सर ओघळलेली नाही, तिच्या चाकांनी कोणत्याही गावची माती उडवलेली नाही. ती जन्मली आहे, पण तिला भूतकाळ नाही. आणि भूतकाळावाचून वस्तूला वजन येत नाही.

या टप्प्यावर हातात येते ती रंगाची कोरडी भुकटी. प्रतिकृती करणाऱ्यांच्या जगात तिला वेदरिंग पावडर किंवा नुसते पिगमेंट म्हणतात. तेल, डिंक, राळ यांपैकी काहीही न मिसळलेले, अतिसूक्ष्म दळलेले ते रंगद्रव्य असते; कुणी पेस्टलच्या खडूकांड्या पात्याने खरवडून ती घरीही करून घेतात. तकतकीत पृष्ठभागावर भुकटी टिकत नाही, म्हणून आधी मॅट वार्निशचा एक हात द्यावा लागतो. मग झिजलेल्या केसांच्या जुन्या ब्रशावर चिमूटभर घेऊन ती न फासता टेकवत, ठिपकत खाचाखोचांत उतरवायची, आणि शेवटी टर्पेंटाइनचा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब ब्रशाच्या टोकाने तिच्या काठाला लावून तो आपण होऊन भुकटीतून पसरत जाताना पाहत बसायचे. ओली असताना ती गडद आणि भलतीच दिसते. वाळताना हळूहळू खरा रंग वर येतो, आणि त्या मधल्या वेळात हात आवरून धरणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे असे माझे मत झाले आहे. या भुकटीसोबत काम करताना नाकातोंडावर मास्क असावा, इतकी ती सूक्ष्म असते; श्वासाबरोबर ती उडते आणि श्वासाबरोबर आतही जाते.

या भुकटीच्या बाटल्यांत जे असते त्याचा विचार करू लागलो की मन फार दूर जाते. गंजाच्या रंगाची म्हणून जी भुकटी मिळते ती बहुधा लोहाची भस्मे असतात, म्हणजे रासायनिकदृष्ट्या गंजाचीच सख्खी भावंडे. पिवळी माती, काव, गेरू हीसुद्धा त्याच कुळातली. पिवळी माती भाजली की तिच्यातले पाणी निघून जाते आणि ती लाल होते. प्रतिकृतीचे अंग मात्र पॉलिस्टायरीनचे असते, ज्याला कितीही पावसात ठेवले तरी गंज चढणार नाही. चित्रातल्या नदीत पाणी नसते आणि चित्रातल्या अग्नीला धग नसते. येथे मात्र गंज दाखवायला गंजच लागतो, माती दाखवायला मातीच. अनुकरणाच्या इतक्या कृत्रिम खेळात अखेरच्या क्षणी खरे द्रव्य उतरते, आणि जे कधी झिजणार नाही त्याच्या अंगावर झिजलेल्याचा अंश ठेवला जातो. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बॉस गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वीचे शिंपले सापडले, त्यांत कुणीतरी वाटलेल्या गेरूचे मिश्रण तयार करून ठेवले होते. ते कशासाठी केले होते हे त्या शिंपल्यांनी सांगितले नाही. पण दगडावर गेरू घासून त्याची पूड करणारा तो हात आणि दिव्याखाली बाटलीचे झाकण उघडणारा हा हात यांच्यामध्ये द्रव्याचा खंड पडलेला नाही, ही जाणीव मला काम करताना अनेकदा स्थिर करते.

बाटल्यांवरची नावे वाचताना मी नेहमीच थबकतो. युरोपची धूळ. रशियाची माती. व्हिएतनामची माती. आखाती युद्धातली वाळू. ही नावे रंगांची आहेत आणि रणभूमींचीही. या कलेचे आधुनिक रूप युद्धप्रतिकृतींभोवती वाढले, त्याची ती खूण. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचे मोटारीवर चालणारे किट काढले, तेव्हा आत बॅटऱ्या मावतील एवढा त्याचा आकार ठेवला गेला आणि त्यातूनच १:३५ हे प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेनने पातळ रंगाचे वॉश आणि कोरड्या ब्रशाचे फटकारे वापरून त्या रणगाड्यांना चिखलातून बाहेर आणले. अमेरिकेच्या शेपर्ड पेनने हातभर लाकडी फळीवर एखादी संपूर्ण कथा उभी राहू शकते हे दाखवले. आणि स्पेनच्या मिगेल हिमेनेझसारख्यांनी या भुकट्यांना स्वतंत्र हत्याराचा दर्जा मिळवून दिला. या साऱ्यांच्या कारागिरीविषयी मला आदर आहे. तरीही त्या नावांपाशी मनात एक प्रश्न उभा राहतो: पृथ्वीवरच्या अगणित मातींपैकी जिच्यावर माणसे मेली तीच माती बाटलीत भरण्याजोगी का ठरावी? ज्या जमिनीवर फक्त ज्वारी पिकली, गाड्या आल्या आणि गेल्या, बाजार भरले आणि उठले, तिला बाटलीवर नाव मिळालेले नाही. इतिहासाच्या पुस्तकांत जसे घडते तसेच धुळीच्या दुकानातही घडले आहे.

माझे मन या नावाविना राहिलेल्या मातींकडे ओढले जाते, कारण मी ज्या प्रतिकृतींत रमलो त्या महाराष्ट्रातल्या अरुंद रुळांच्या गाड्या आहेत. नेरळहून माथेरानला चढणारी, १९०७ मध्ये सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून उभी राहिलेली दोन फुटी रुळांची गाडी; आणि वऱ्हाडात यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर यांना जोडणारी, कापसाच्या गठड्यांसाठी जन्मलेली, लोकांनी प्रेमाने शकुंतला म्हणून आपलीशी केलेली अडीच फुटी रुळांची गाडी. १:७६ या प्रमाणात माथेरानचे रूळ एकमेकांपासून अवघ्या ८ मिलिमीटरवर येतात. या गाड्यांना लागणारी धूळ कोणत्याही दुकानात नाही. ती जागेवरून आणावी लागते: ओंजळभर माती सावलीत वाळवायची, खलात कुटायची, मग वैद्य चूर्ण करतात तशी वस्त्रगाळ करायची. धोतराच्या जुन्या मऊ कापडातून गाळून खाली जे उतरते तेच कामाचे. वर उरलेले पुन्हा खलात.

माथेरानची भुकटी विटकरी लाल उतरते, बोटाला लागली तर दोन दिवस रेषांमधून जात नाही. वऱ्हाडाची काळी माती मात्र गाळून झाली की काळी राहत नाही. ती राखेकडे झुकणाऱ्या, किंचित तपकिरी, मवाळ रंगाची होते. ज्याने तो प्रदेश केवळ नावाने ओळखला असेल तो शकुंतलेच्या डब्यांवर काळी धूळ टाकेल. ज्याने उन्हाळ्यात त्या रस्त्यांवरून जाणारी बैलगाडी पाहिली असेल त्याला ठाऊक असते की काळ्या जमिनीची धूळ करडी असते. सूक्ष्म कण प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून कोरडी पूड फिकट दिसते; पाणी कणांमधल्या पोकळ्या भरते, म्हणून तीच माती ओली झाली की काळीभोर होते. कारण साधेच आहे. तरी पेरणीआधीच्या पहिल्या पावसात सारे शिवार काही क्षणांत रंग पालटते तेव्हा हे स्पष्टीकरण आठवत नाही, आठवावेसेही वाटत नाही.

आणि या दोन भुकट्या शेजारी शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट उमगते. दोन्ही एकाच खडकाची मुले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचा जो काळा कातळ दख्खनवर पसरला, तोच सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार पावसात युगानुयुगे भिजत राहिला, त्यातले विद्राव्य सारे वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, आणि जांभा झाला. तोच कातळ पूर्वेला, पर्जन्यछायेच्या पलीकडच्या उन्हाच्या प्रदेशात, वेगळ्या गतीने कुजत कापसाची काळी जमीन झाला. एक खडक, दोन पाऊस, दोन रंग. आपण प्रतिकृतीवर जे नाट्य ब्रशाने घडवू पाहतो, ऊन-पाणी-वाऱ्याने एखाद्या वस्तूला हळूहळू दुसरेच काही करून टाकण्याचे, ते त्या चिमटीतल्या मातीच्या बाबतीत आधीच आणि अतिशय सावकाश घडून गेलेले असते. मी तिच्यावर काही करत नाही. तिने केलेल्या प्रवासाचा शेवटचा टप्पा तेवढा माझ्या टेबलावर येतो.

येथे प्रमाणाचा एक विलक्षण पेच आहे, आणि त्यावर विचार करण्यात मी बराच काळ घालवला आहे. प्रतिकृती म्हणजे सर्वकाही ठरलेल्या पटीत लहान करणे. पण धूळ लहान होत नाही. भुकटीचा २० मायक्रॉनचा एक कण १:७६ च्या जगात नेला तर तो दीड मिलिमीटरचा, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा ठरतो. म्हणजे मी इंजिनाच्या पायरीवर जी तलम धूळ ठेवली असे समजतो, ती त्या पायरीवर उभ्या राहू शकणाऱ्या इवल्या माणसाला भरड रेतीसारखी टोचेल. पाणीही लहान होत नाही. थेंब आपल्याच वक्रतेने फुगून बसतो, आणि म्हणून प्रतिकृतीवर खरा पाऊस पाडून पावसाचे ओघळ मिळत नाहीत, ते रंगवावे लागतात. ऊनही लहान होत नाही. डोळा मात्र या साऱ्याला क्षमा करतो. हातभर अंतरावरून त्याला कण दिसत नाहीत, केवळ रंगाचा मवाळपणा दिसतो, आणि दुरून पाहिलेल्या कोणत्याही खऱ्या वस्तूवर हवेची जी पातळ साय असते तिची आठवण होऊन तो समाधान पावतो. पण लहान न होणाऱ्या गोष्टींमध्ये सर्वांत हट्टी आहे तो काळ. इंजिनाची लांबी ७६ ने भागता येते. त्याच्या वयाला भागणारा अंक नाही. पंचाहत्तर वर्षे घाट चढलेल्या यंत्राचे चित्र एका वर्षाच्या झिजेने काढता येत नाही. त्याला पुरी पंचाहत्तर वर्षे द्यावी लागतात, आणि ती द्यायला हातात असते एक चिमूट.

ती कोठे द्यायची, हा खरा प्रश्न. भुकटी वापरू लागलेल्या माणसाचा हात प्रथम सगळीकडे फिरतो, आणि वस्तू जुनी दिसण्याऐवजी मळलेली दिसते. वार्धक्य असे सर्वत्र सारखे येत नाही. दाराची मूठ काळवंडत नाही, ती हातांनी घासून उजळते. पायरीची कड चकाकते आणि मध्यभागी माती साचते. तेल घालण्याच्या झाकणाखाली एकच ओघळ असतो, काळा आणि किंचित ओला दिसणारा, त्यावर धूळ चिकटून जाड झालेली. वाफेच्या इंजिनात सांध्यांशी झिरपणारे क्षारयुक्त पाणी उडून जाते आणि बॉयलरच्या अंगावर पांढरट रेघा सोडते; धुराड्याखाली उष्णतेने रंग करपून राखाडी होतो; कोळसा भरायच्या बाजूला काळी पूड आणि राख काढायच्या बाजूला फिकट पूड असते, आणि या दोन बाजू एकमेकींत मिसळत नाहीत. रुळांचा माथा आरशासारखा आणि कुशी गंजलेल्या असतात. ओतीव लोखंडाचे ब्रेक होते त्या काळात, गाड्या जेथे थांबत तेथे झिजलेल्या ब्रेकची पूड खडीवर पडत राही, म्हणून स्थानकातली खडी तांबूस आणि दोन स्थानकांमधली खडी करडी दिसे. डब्यांच्या पोटाखालचा तपकिरी थरही बराचसा त्याच पुडीचा. म्हणजे गाडी थांबली, पुन्हा थांबली, हजारो वेळा थांबली, याची नोंद गाडीने स्वतःच्या अंगावर आणि जमिनीवर ठेवली आहे, आणि आपण ती मळ समजून नजर फिरवतो.

हे एकदा दिसू लागले की भुकटी टाकणे ही सजावट राहत नाही. प्रत्येक चिमटीला कारण द्यावे लागते. हा ओघळ येथे आहे तर वरून काय गळत होते? ही कड उजळ आहे तर येथे कोण धरत होते, आणि कोणत्या हाताने? माथेरानच्या इंजिनाच्या टपावर लाल माती कमी आणि पोटाशी जास्त असायला हवी, कारण ती खालून उडते. पण झाडीतून जाणाऱ्या त्या वाटेवर पानांचा कचरा टपावरच साचणार. नेरळ ते अमन लॉज ही वाट हल्ली पावसाळ्यात बंद असते, तेव्हा त्या गाडीच्या अंगावरची धूळ ही हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची धूळ आहे, चिखल तिच्या वाट्याला फारसा नाही. असे एकेक प्रश्न सोडवत गेलो की यंत्राभोवती माणसे जमू लागतात. फायरमन दिसत नाही, पण त्याने जेथे खांदा टेकवला तो रंग गेलेला भाग दिसतो. ज्यांच्या नावांची नोंद कुठल्याही वहीत नाही अशांच्या श्रमांची खूण वस्तूवर राहते ती अशा घासल्या-झिजल्या जागांच्या रूपाने. आणि ती जागा ओळखून तेथे ब्रश थांबवणे म्हणजे त्या माणसाची दखल घेणे, असे मी मनापासून मानतो.

इंग्लंडमध्ये एका माणसाने सबंध आयुष्य या दखलीला वाहिले. रॉय इंग्लंड हा तरुण १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून तेथे आला, आणि ऑक्सफर्डजवळच्या खोऱ्यातली गवती छपरांची जुनी घरे एकेक करून बदलत चालली आहेत हे पाहून त्याने ती १:७६ प्रमाणात, दगडा-विटांसकट, हुबेहूब करून ठेवायचे ठरवले. लाँग विटनहॅम या गावातले पेंडन संग्रहालय त्यातूनच १९५४ मध्ये उभे राहिले. तेथे १९३० च्या सुमाराचे ते खोरे आहे, नव्या कोऱ्या रूपात नव्हे तर वापरात असलेल्या, शेवाळलेल्या, वाकलेल्या रूपात. त्याच संग्रहालयात जॉन अहर्नची मॅडर व्हॅली नावाची छोटी रेल्वेही जपलेली आहे. रेल्वेची प्रतिकृती म्हणजे निव्वळ गाडी नसून गाडीभोवतालचे थकलेले, राहते जग आहे हे ज्यांनी लवकर ओळखले त्यांतला तो एक. अटलांटिकच्या पलीकडे, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीत, व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या जॉन ॲलनने आपल्या घराच्या तळघरात डोंगरदऱ्यांचे एक विस्तीर्ण काल्पनिक जग बांधले आणि त्यातले डबे, वखारी, पूल मुद्दाम जुने, विटलेले केले, जेव्हा बाकीचे छांदिष्ट आपापली इंजिने पुसून चकचकीत ठेवत होते. १९७३ च्या जानेवारीत तो वारला. त्यानंतर काही दिवसांतच आग लागून ते सारे जग जळाले. इतक्या निगुतीने रंगवलेले जुनेपण आणि क्षणात आलेला तो खरा अंत यांचा विचार मी करू लागतो आणि पुढे सरकू शकत नाही.

कुणी विचारील, आणि विचारावेच, की जे घडले नाही त्याच्या खुणा उमटवणे हे खोटे नाही का? अठराव्या शतकातल्या इंग्रज जमीनदारांना आपल्या बागेत भग्नावशेष हवेसे वाटले, तेव्हा सँडरसन मिलरने हॅगलीला मुळातच पडका असा किल्ला बांधून दिला. विल्यम गिल्पिनने तर टिंटर्नच्या खऱ्या पडक्या मठाकडे पाहून, येथे हातोड्याचे चार विचारपूर्वक घाव घातले तर तो अधिक सुंदर पडका दिसेल, अशा अर्थाची सूचना १७८२ मध्ये छापील पुस्तकात केली. आणि हान फान मेहेरेन या डच चित्रकाराने रंगात बेकेलाइट मिसळून, चित्र भट्टीत भाजून, त्याला तडे पाडून, त्या तड्यांत शतकांच्या धुळीचा भास व्हावा म्हणून शाई भरली. त्याचे ते चित्र फर्मीरचे म्हणून रॉटरडॅमच्या संग्रहालयासाठी विकत घेतले गेले. तंत्राच्या पातळीवर त्याच्या शाईत आणि माझ्या भुकटीत भेद दाखवणे कठीण आहे. भेद आहे तो पाहणाऱ्याशी असलेल्या करारात. मेहेरेनला हवे होते की पाहणाऱ्याने फसावे आणि फसलेलेच राहावे. इवल्या इंजिनाकडे पाहून कुणी ते खरे समजत नाही; त्याला ठाऊक असते की हे केलेले आहे, आणि ठाऊक असूनही तो क्षणभर त्या घाटात जाऊन येतो. नाटकातल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर रंगभूषाकाराने ओढलेल्या सुरकुत्या कुणी लबाडी म्हणत नाही. गिल्पिनच्या हातोड्याला मात्र मी क्षमा करू शकत नाही: मठाचे जुनेपण हे मठाचे स्वतःचे होते, आणि दुसऱ्याच्या म्हातारपणाला आपल्या रुचीप्रमाणे वळण द्यायचा अधिकार कुणालाच नाही.

भुकटीचे अखेरचे कोडे तिला स्थिर करण्याचे. ती पृष्ठभागावर नुसती बसलेली असते. बोट लागले की ठसा उमटतो, फुंकर मारली की कोपरे रिते होतात. फिक्सरने ती घट्ट होते, पण त्याबरोबर थोडी विझतेही. सर्वांत फिकट, सर्वांत तलम छटा सर्वांत आधी नाहीशी होते, आणि धुळीचे जे धूळपण, ते क्षणात उडून जाईल असे वाटणे, तेच थिजते. जपण्याची कृती जपल्या जाणाऱ्या गोष्टीला बदलते, हे आपल्या प्रांताने फार मोठ्या आकारात अनुभवलेले आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू, पिवळी माती आणि तेथल्या कातळातच सापडणारी हिरवी माती यांनी जे रंगवले गेले, त्यावर एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत रक्षणाच्या हेतूने वार्निशाचे आणि लाखेचे हात दिले गेले. ते लेप पुढे पिवळे पडले, काळवंडले, आणि ते काढण्याचे अतिशय नाजूक काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना हाती घ्यावे लागले. ज्यांनी ते लेप दिले त्यांचा हेतू शुद्ध होता. गळून पडणाऱ्या रंगाकडे पाहत हात बांधून राहणे त्यांना शक्य नव्हते, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही झाले नसते.

आणि याच प्रांतात, याच लोकांत, कोरड्या पुडीची दुसरी एक परंपरा आहे जिने स्थिर होण्याची इच्छाच कधी धरली नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून सुटणारी शिरगोळ्याची पांढरी रेघ दारात रोज पडते आणि रोज पुसली जाते. दिवाळीच्या दिवसांत सभागृहांतून भरणाऱ्या प्रदर्शनांत याच चिमटीने माणसांचे चेहरे काढले जातात: गालावरची सावली, कपाळावरची आठी, डोळ्यांतली ओल, सारे कोरड्या पुडीचे कण एकमेकांवर भुरभुरून. पंखे बंद असतात, लोक दोरीच्या पलीकडून श्वास रोखल्यासारखे पाहत असतात, आणि प्रदर्शन संपले की कलावंत स्वतः केरसुणी हाती घेतो. कणांना कशानेही बांधलेले नसते, म्हणूनच त्या गालाला ती मखमल येते. प्रतिकृती करणाऱ्याने फिक्सरविषयीचे अखेरचे धडे पुस्तकांतून न घेता या दालनांत जाऊन घ्यावेत, असे मला वाटते.

माझा स्वतःचा निर्णय आता पक्का आहे. खालचे थर, चाकांभोवतीचा जुना मळ, वर्षानुवर्षांचा गंज, हे मी बांधून घेतो, कारण खऱ्या इंजिनावरही ते धुऊन जात नसत. सर्वांत वरची धूळ, त्या दिवसाची, त्या फेरीची, मी मोकळी ठेवतो आणि प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवतो. काही वर्षांनी ती थोडी ढळते, तळाशी उतरते; पेटीच्या फटीतून आमच्या घराची धूळ आत शिरून तिच्यात मिसळते आणि मग कोणता कण माथेरानचा आणि कोणता आमच्या रस्त्याचा हे मलाही सांगता येत नाही. ते मी पुसत नाही.

वाचणाऱ्यांपाशी एक मागणे आहे. स्थानकांबाहेर चौथऱ्यांवर उभी केलेली जुनी इंजिने आज तकतकीत तेलरंगात रंगवलेली असतात. त्यांचा सन्मान झाला, पण त्यांच्या अंगावरची साक्ष त्या रंगाखाली गेली. माथेरानची वाफेची इंजिने ऐंशीच्या दशकात सेवेतून गेली, शकुंतलेची १९९४ मध्ये, आणि वऱ्हाडातली ती गाडीही आता धावत नाही. या गाड्या कामावर असताना कशा दिसत, कोणता ओघळ कोठे होता, गंज किती आणि माती कोणत्या रंगाची, हे कुठल्याही सरकारी आराखड्यात नसते. ते असलेच तर नेरळ, अचलपूर, यवतमाळ किंवा दारव्ह्याच्या एखाद्या घरातल्या अल्बममध्ये, लग्नाच्या वऱ्हाडामागे चुकून आलेल्या डब्याच्या रंगीत छायाचित्रात असेल. तसे छायाचित्र तुमच्याकडे असेल तर ते टाकू नका, त्याच्या पाठीवर ठिकाण आणि साल लिहून ठेवा, आणि आठवत असेल तर महिनाही लिहा; धुळीचा रंग महिन्यावर ठरतो.